नगराची लेक : रोमच्या व्हेस्टल कुमारिकांची दीक्षा आणि तिच्याविषयीची दोन मते

व्हेस्टा ही प्राचीन रोमची चुलीची आणि अग्नीची देवता. रोमच्या फोरममधील, म्हणजे मुख्य चौकातील, तिच्या गोल मंदिरात मूर्ती नव्हती. तिथे अखंड तेवत ठेवलेला अग्नी हेच तिचे रूप मानले जाई. हा अग्नी राखण्याचे काम सहा स्त्रियांकडे असे. त्यांना व्हेस्टल कुमारिका म्हणत. मंदिराला लागूनच त्यांचे घर होते आणि त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून चाले. परंपरेप्रमाणे या मंडळाची स्थापना राजा न्यूमाने केली. इ.स.च्या चौथ्या शतकाअखेर ते बंद पडले, तेव्हा त्याला हजारहून अधिक वर्षे झाली होती.

व्हेस्टलची सेवा तीस वर्षांची असे. हॅलिकार्नाससचा डायोनिसियस आणि प्लूटार्क या दोन्ही ग्रीक लेखकांनी तिचे तीन टप्पे सांगितले आहेत : पहिली दहा वर्षे शिकण्याची, मधली दहा प्रत्यक्ष विधी करण्याची आणि शेवटची दहा नव्या मुलींना शिकवण्याची. तीस वर्षे भरली, की स्त्रीला हवे तर मंडळ सोडून लग्न करता येई. मुलगी सहा ते दहा वर्षांची असताना आत येई, म्हणजे ती सोळा ते वीस वर्षांची होईपर्यंत शिकाऊच राही. या शिकाऊ मुलीकडे कसे पाहावे याविषयी दोन मते संभवतात. एका मताप्रमाणे तिला रोममधल्या इतर कोणत्याही स्त्रीला न मिळणारा मान आणि मोकळीक मिळे. दुसऱ्या मताप्रमाणे ती राज्याने लहानपणीच ताब्यात घेतलेली ओलीस होती. ही दोन मते पुढे समर्थक आणि आक्षेपक यांच्या संवादातून मांडली आहेत.

निवड

निवडीचे नियम इ.स. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस या लेखकाने नोंदवले आहेत. मुलगी सहाहून लहान आणि दहाहून मोठी नसावी. तिचे आईवडील दोघेही हयात असावेत. बोलण्याऐकण्यात दोष किंवा शरीरात व्यंग नसावे. आईवडिलांपैकी कोणी गुलामगिरीत राहिलेले नसावे, आणि हलका समजला जाणारा धंदाही करीत नसावे. पेपियस कायद्याप्रमाणे पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, वीस मुली निवडी आणि त्यांतली एक जनसभेत चिठ्ठीने ठरे. मग तो ठरलेले शब्द उच्चारून मुलीचा हात धरी आणि तिला बापाकडून घेऊन जाई.

समर्थक : एवढ्या अटी ठेवून जे पद दिले जाते, ते मानाचेच असणार. घरंदाज बाप आपणहून मुलगी देऊ लागला, की चिठ्ठी टाकण्याची गरजही उरत नसे. इ.स. १९ मध्ये एक जागा रिकामी झाली तेव्हा फोंटेयस अग्रिप्पा आणि डोमिशियस पोलियो या दोघांनी आपापल्या मुली पुढे केल्या. पोलियोची मुलगी निवडली गेली, कारण तिच्या आईवडिलांचा संसार टिकून होता आणि अग्रिप्पाचा घटस्फोट झाला होता. नाकारलेल्या मुलीची समजूत म्हणून टायबेरियस बादशहाने तिला दहा लाख सेस्टर्सचा हुंडा दिला. ज्या जागेसाठी दोन घरांत अशी चढाओढ लागते, तिला कैद म्हणणे कठीण आहे.

आक्षेपक : चढाओढ बापांमध्ये होती, मुलींमध्ये नव्हे. आणि बापसुद्धा नेहमीच उत्सुक नसत. स्वेटोनियस सांगतो, की ऑगस्टसच्या काळात एक व्हेस्टल वारली, तेव्हा आपल्या मुलीचे नाव चिठ्ठीत येऊ नये म्हणून अनेकांनी खटपट केली. शेवटी ऑगस्टसला शपथेवर सांगावे लागले, की आपल्या एखाद्या नातीचे वय बसत असते तर आपण तिला दिले असते. इ.स. ५ मध्ये तर, घरंदाज लोक मुली देईनात म्हणून, मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलींनाही वाट मोकळी करावी लागली. मान एवढा मोठा होता, तर अशी पाळी का यावी?

समर्थक : कारण मुलगी दिली, की सोयरिकीतून मिळणारे राजकीय लागेबांधे जात. बापाचा हात आखडता होता तो याच हिशेबाने. त्यावरून पद वाईट ठरत नाही.

आक्षेपक : म्हणजे पद घ्यायचे की नाही, हा हिशेब सर्वस्वी बापाचा. सहा वर्षांच्या मुलीच्या संमतीचा उल्लेख नियमांत कुठेच नाही. युद्धात पकडून न्यावे तसे तिला नेले जाई, असे गेलियसनेच लिहिले आहे.

समर्थक : हे खरे आहे. पण तुलना कोणाशी करायची, ते आधी ठरवले पाहिजे. त्याच घरात मागे राहिलेल्या तिच्या बहिणीलाही कोणी काही विचारत नसे. रोमन कायद्याने मुलगी बाराव्या वर्षी लग्नाची होई, नवरा बाप ठरवी, आणि बाळंतपणात मरणाऱ्या बायका कमी नव्हत्या. आजच्या मुलीशी तुलना केली तर व्हेस्टल बंदीत दिसते. बहिणीशी केली, तर चित्र एवढे सरळ राहत नाही.

शिक्षणाची दहा वर्षे

आत आल्यावर मुलीचे केस कापले जात आणि ते एका जुन्या झाडावर वाहिले जात, असे थोरला प्लिनी सांगतो. तेव्हापासून पांढरी वस्त्रे, डोक्याला लोकरीच्या पट्ट्या, आणि यज्ञाच्या वेळी जांभळ्या काठाचे पांढरे शिरोवस्त्र हा तिचा वेश.

शिक्षण बहुतांशी हाताने करायच्या कामांचे होते. पहिले काम अग्नीवर लक्ष ठेवण्याचे. रात्रंदिवस पाळ्या लावून ते चाले. दुसरे पाण्याचे. नळाने आलेले पाणी विधीला चालत नसे, ते झऱ्यावरून आणावे लागे. त्यासाठीचे भांडे तोंडाला रुंद आणि बुडाला इतके निमुळते असे, की ते जमिनीवर टेकवताच येत नसे. ठेवले तर कलंडे. म्हणून विधी पूर्ण होईपर्यंत ते हातातच धरावे लागे.

तिसरे काम मिठाचे. खडेमीठ उखळात कुटायचे, मातीच्या मडक्यात भरायचे, मडक्याचे तोंड जिप्समने लिंपून बंद करायचे आणि ते भट्टीत भाजायचे. आत मिठाचा दगडासारखा गोळा होई. तो लोखंडी करवतीने कापून मंदिराच्या आतल्या भागातील रांजणात टाकीत आणि त्यावर पाणी घालीत. चौथे काम पिठाचे. ७ ते १४ मे या दिवसांत, एक दिवसाआड, तीन ज्येष्ठ व्हेस्टल गव्हाच्या स्पेल्ट नावाच्या जुन्या जातीची कणसे टोपल्यांत गोळा करीत. ती भाजायची, कांडायची आणि दळायची. हे पीठ आणि मीठ वर्षातून तीनदा एकत्र केले जाई : फेब्रुवारीत लुपरकेलियाच्या सणाला, जूनमध्ये व्हेस्टाच्या व्हेस्टेलिया या सणाला आणि १३ सप्टेंबरला. राज्यातर्फे होणाऱ्या प्रत्येक यज्ञात बळीच्या पशूवर हे खारे पीठ शिंपडीत.

आक्षेपक : या यादीत श्रद्धा कुठे आहे? कांडणे, दळणे, भाजणे, पाणी भरणे ही घरकामेच. फरक इतकाच, की ती देवाच्या नावाने करून घेतली जात. सहा वर्षांची मुलगी भक्तीने आत येत नाही, आणि दहा वर्षे मीठ कुटून भक्ती उपजत नाही. उपजते ती सवय.

समर्थक : भक्ती म्हणजे मनातला उमाळा, ही कसोटी रोमन धर्माला लावता येत नाही. त्या धर्मात कर्म बिनचूक करणे म्हणजेच भक्ती होती. मंत्रातला शब्द चुकला किंवा विधीत खंड पडला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करीत. इ.स.पू. ६२ मध्ये बोना देआ या देवीच्या, फक्त स्त्रियांसाठी असलेल्या रात्रीच्या पूजेत क्लोडियस नावाचा तरुण बाईचा वेश करून घुसला. तो सापडल्यावर व्हेस्टलनी ती पूजा नव्याने केली. भांडे जमिनीला न टेकवता धरून ठेवणारी मुलगी त्या क्षणी जे करते, तीच त्या धर्मातली एकाग्रता. हात शिकले, की मनही त्या शिस्तीत येते, असा या शिक्षणाचा विश्वास होता.

आक्षेपक : तो शिक्षण देणाऱ्यांचा विश्वास. शिकणारीला काय वाटले, हे तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाही. गेलियस, प्लूटार्क, डायोनिसियस, प्लिनी, लिव्ही, टॅसिटस हे सगळे लिहिणारे पुरुष, आणि त्यांतला एकही त्या घरात राहिलेला नाही.

समर्थक : मग तिच्या दुःखाविषयीही तितकेच सावध बोलले पाहिजे. जे कृतीतून दिसते तेवढेच हातात आहे. तीस वर्षांनंतर दार उघडे असूनही फार थोड्या स्त्रिया बाहेर पडल्या. ज्या पडल्या त्यांना ते मानवले नाही, असे प्लूटार्क लिहितो. टॅसिटसने उल्लेखलेली ऑक्सिया सत्तावन्न वर्षे पदावर होती. इ.स. १९ मधली ती जागा तिच्याच मृत्यूने रिकामी झाली होती.

आक्षेपक : छत्तीस-चाळीस वर्षांच्या, संसार कधी न पाहिलेल्या स्त्रीने ओळखीच्या घरात राहणे पसंत केले, तर त्यातून तिची श्रद्धा सिद्ध होत नाही. बाहेर तिच्यासाठी काही उरले नव्हते, एवढेच सिद्ध होते.

गुप्तता

मंदिराच्या आत पडद्याआड एक कोठी होती. तिथे पुरुषांना प्रवेश नव्हता. स्त्रियांनाही जूनमधल्या व्हेस्टेलियाच्या दिवसांतच, तेही अनवाणी, मंदिरात जाता येई. १५ जूनला मंदिर झाडून कचरा बाहेर काढीत आणि मगच शहराचे नेहमीचे व्यवहार सुरू होत. कोठीत काय होते, हे ठाऊक असणे हा दीक्षेचाच भाग होता. बाहेर मात्र तर्क चालत. ट्रॉय नगरातून आणलेली पॅलस देवीची मूर्ती तिथे आहे, असा सर्वांत प्रचलित समज होता. प्लूटार्क आणखी एक समज देतो : तिथे दोन लहान रांजण आहेत, एक उघडा आणि रिकामा, दुसरा भरलेला आणि मोहोरबंद, आणि ते फक्त या कुमारिकाच पाहू शकतात.

आक्षेपक : गुप्तता हे बांधून ठेवण्याचे जुने साधन आहे. लहान मुलीला गुपित सांगायचे आणि ते फोडण्याची भीती घालायची. मग ती घरच्यांपासून आपोआप तुटते, कारण आईलाही सांगता येणार नाही असे काही तिच्याजवळ असते.

समर्थक : गुपितातून बळही येते. व्हेस्टल गुपित राखतात, या विश्वासावर रोममधली मोठी माणसे आपली मृत्युपत्रे त्यांच्याकडे ठेवीत. सीझरने ठेवले, ऑगस्टसने ठेवले. मार्क अँटनीचे मृत्युपत्रही तिथेच होते. इ.स.पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगस्टसने, ते मागितले, तेव्हा त्यांनी देण्याचे नाकारले आणि हवे असेल तर स्वतः येऊन घ्या असे कळवले. तो गेला आणि त्याने ते उचलले. दोष त्याच्या माथी गेला, त्यांचा शब्द राहिला. त्या काळच्या राजकारणात एवढे ठामपणे बोलणारे पुरुषही मोजकेच होते.

आक्षेपक : पण मृत्युपत्र गेलेच. आणि गुपिताचे ओझे संकटात कोणाच्या डोक्यावर येई, हेही पाहावे. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल लोक रोमवर चालून आले, तेव्हा या स्त्रिया काही पवित्र वस्तू पुरून आणि उरलेल्या स्वतः उचलून पायी निघाल्या. ल्युशियस अल्बिनियस नावाच्या एका साध्या नागरिकाने बायकामुलांना गाडीतून उतरवून त्यांना जागा दिली, म्हणून त्या सीरी नगरापर्यंत पोचल्या. इ.स. १९१ मध्ये आग लागली, तेव्हा पॅलसची मूर्ती भर रस्त्यातून, लोकांच्या देखत, राजवाड्यात न्यावी लागली, तीही त्यांनीच.

समर्थक : या दोन्ही प्रसंगांतून दिसते, की नगराचे जे सर्वांत मौल्यवान ते राखायला नगराचा भरवसा या सहाजणींवर होता. अल्बिनियसने गाडी दिली ती दयेने नव्हे. नगराच्या देवतेपुढे आपले कुटुंब मागे, असे त्याला वाटले म्हणून दिली.

अग्नी विझला तर

दर वर्षी १ मार्चला, जुन्या रोमन पंचांगाप्रमाणे वर्षारंभी, अग्नी नव्याने चेतवला जाई. एरवी तो विझणे हा अपशकुन, आणि ज्या कुमारिकेच्या पाळीत तो विझला तिला पाँटिफेक्सने फटके मारावेत असा नियम होता. नवा अग्नी शुभ मानलेल्या झाडाच्या फळीवर दुसरे लाकूड घुसळून काढीत आणि पितळी चाळणीतून मंदिरात नेत. आपल्याकडील अरणीमंथनाशी या पद्धतीचे साम्य उघड आहे.

आक्षेपक : इ.स.पू. २०६ मध्ये, हॅनिबलशी युद्ध चालू असताना, एकीच्या पाळीत अग्नी विझला. पाँटिफेक्स लिसिनियसच्या हुकमाने तिला फटके मारण्यात आले. लिव्हीने हे नोंदवले आहे. रात्री डोळा लागणे ही चूक लहान मुलीकडून होणारच, आणि त्या चुकीला शरीरदंड.

समर्थक : शिकाऊ मुलीची चूक परंपरेने कशी सांभाळून घेतली, तेही पाहावे. डायोनिसियसने एमिलियाची कथा दिली आहे. ज्येष्ठ एमिलियाने अग्नी एका नव्या, शिकत असलेल्या मुलीवर सोपवला आणि तो विझला. शहरात बोभाटा झाला, व्रतभंगाचा संशय घेऊन चौकशी सुरू झाली. एमिलियाने शिष्येवर बोट दाखवले नाही. तिने वेदीसमोर देवीला साक्ष ठेवून आपल्या निष्कलंक सेवेचा दाखला दिला, अंगावरच्या तागाच्या वस्त्राची पट्टी फाडून थंड राखेवर टाकली, आणि त्या राखेतून ज्वाळा उठली. ही दंतकथा असेल. पण शिष्येची जबाबदारी गुरूची, हा धडा देण्यासाठीच ती टिकली.

आक्षेपक : त्या कथेतली भीती दंतकथा नाही. अग्नी विझताच पहिला संशय शीलावर येतो. मुलीला झोप आली असेल, हे कोणी म्हणत नाही. आणि बाईने निर्दोष ठरायचे तर चमत्कारच करून दाखवायला हवा.

हक्क

गेलियसच्या म्हणण्याप्रमाणे मुलगी व्हेस्टाच्या घरात येऊन धर्माधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाली, की त्याच क्षणी बापाच्या सत्तेतून बाहेर पडे. तिला मृत्युपत्र करता येई. इतर स्त्रियांना असलेला पालकही तिला नसे. रस्त्याने जाताना तिच्यापुढे दंडधारी शिपाई चाले. तिला न्यायालयात साक्ष देता येई आणि सामन्यांच्या वेळी मानाची जागा मिळे. देहान्ताची शिक्षा झालेला कैदी वाटेत योगायोगाने समोर आला, तर त्याचा जीव वाचे.

समर्थक : रोमन पुरुषसुद्धा बाप जिवंत असेतो बापाच्या सत्तेखाली असे, चाळिशीचा सेनापतीही त्यातून सुटत नसे. इथे सहा वर्षांची मुलगी एका दिवसात त्यातून मोकळी होते. हा हक्क नुसता कागदावरचा नव्हता. इ.स.पू. १४३ मध्ये आपियस क्लॉडियसने परवानगी नसताना विजययात्रा काढली. त्याला रथातून खाली ओढण्याचा बेत होता, तेव्हा त्याची व्हेस्टल मुलगी रथात चढून त्याच्या शेजारी उभी राहिली. कोणाचीही हात लावण्याची हिंमत झाली नाही. पुढे हुकूमशहा सुलाच्या मृत्युदंडाच्या यादीतून तरुण जूलियस सीझरचा जीव वाचला, त्यामागे व्हेस्टलची रदबदली होती.

आक्षेपक : त्याच कायद्याची दुसरी बाजू गेलियसनेच दिली आहे. व्हेस्टल मृत्युपत्र न करता वारली, तर तिचा कोणी वारस नसे आणि तिची मालमत्ता सरकारजमा होई. तीही अशा पद्धतीने कोणाची वारस होत नसे. बापाच्या सत्तेतून ती सुटली ती स्वतंत्र होण्यासाठी नव्हे. तिला आता कूळच नाही, ती राज्याची आहे, म्हणून सुटली.

समर्थक : या मुद्द्यावर मतभेद राहत नाही. ती एका घराची नसल्यामुळेच साऱ्या नगराची होती. तिचे सारे हक्क याच एका गोष्टीतून निघतात.

आक्षेपक : आणि तिची शिक्षाही.

शिक्षा

ब्रह्मचर्याचा भंग सिद्ध झाला, तर व्हेस्टलला जिवंत पुरीत. प्लूटार्कने पद्धत वर्णिली आहे. कोलाइन दरवाजाजवळ जमिनीखाली एक लहान खोली करीत. तिथे अंथरूण, पेटता दिवा आणि थोडी भाकरी, पाणी, दूध व तेल ठेवीत. पवित्र स्त्रीला उपाशी मारले असे होऊ नये म्हणून. तिला बंद पालखीतून फोरममधून नेत, तिचा आवाजही बाहेर येऊ नये अशी व्यवस्था करीत. ती खाली उतरली, की शिडी वर ओढून वरून माती टाकीत.

आक्षेपक : अशा शिक्षा कधी झाल्या त्याची यादी पाहिली, की त्यामागचे कारण दिसते. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणात रोमचा दारुण पराभव झाला, त्याच वर्षी ओपिमिया आणि फ्लोरोनिया दोषी ठरल्या. एक पुरली गेली, दुसरीने आत्महत्या केली. इ.स.पू. ११४ मध्ये थ्रेसमध्ये सैन्य गारद झाले, त्याच सुमारास एमिलिया, लिसिनिया आणि मार्सिया यांच्यावर खटला झाला. धर्माधिकाऱ्यांनी पहिल्यांदा एमिलियालाच दोषी ठरवले. पण लोकांचे समाधान झाले नाही, म्हणून इ.स.पू. ११३ मध्ये खास न्यायाधीश नेमून उरलेल्या दोघींनाही मृत्युदंड दिला गेला. रणांगणावरची हार या स्त्रियांच्या शरीरावर मोजली जाई.

समर्थक : सगळेच खटले असे झाले नाहीत. इ.स.पू. ४२० मध्ये पोस्टुमियावर आळ आला, कारण ती नटूनथटून राही आणि मोकळेपणाने थट्टामस्करी करी. ती निर्दोष सुटली. पाँटिफेक्सने फक्त विनोद आवरते घेण्याची आणि साधे कपडे वापरण्याची समज दिली. इ.स.पू. ७३ मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरो याची मेव्हणी फेबिया हिच्यावर कॅटिलाइन नावाच्या उमरावाशी संबंधाचा आरोप झाला, तीही सुटली. हजार वर्षांच्या मानाने दोषी ठरलेल्या व्हेस्टल मोजक्याच आहेत.

आक्षेपक : हसण्यावरून आळ येतो, हेच पुरेसे बोलके आहे. शिकाऊ मुलीला हे किस्से माहीत असणारच. तिच्या शिक्षणाचा तो न लिहिलेला भाग. डोमिशियन बादशहाच्या काळात मुख्य व्हेस्टल कॉर्नेलिया हिला गैरहजेरीत, बाजू ऐकून न घेता दोषी ठरवले. धाकट्या प्लिनीच्या पत्रात त्याचे वर्णन आहे. खोलीत उतरताना तिचे वस्त्र अडकले. तिने मागे वळून ते सावरले. जल्लादाने आधाराला हात पुढे केला, तो तिने झटकला.

समर्थक : प्लिनीने हे लिहिले ते तिच्या बाजूने. तिने वस्त्र सावरले त्यात दहा वर्षांचे शिक्षण आणि पुढचा सारा जन्म दिसतो. ज्या शिस्तीला आक्षेपक निव्वळ सवय म्हणतात, तीच शेवटच्या घटकेला तिची प्रतिष्ठा झाली. अन्याय बादशहाचा होता, शिक्षणाचा नव्हे.

आक्षेपक : पण अन्याय करता येईल अशी जागा त्या शिक्षणानेच तयार केली. नगराचे भाग्य एका स्त्रीच्या शरीराशी बांधले, की नगर संकटात सापडताच त्या शरीराचा बळी जाणे क्रमप्राप्त आहे.

शेवटचा वाद

हा वाद फक्त आधुनिक अभ्यासकांचा नाही. मंडळ मोडले तेव्हा तो प्रत्यक्षात झाला होता. इ.स. ३८२ मध्ये ख्रिस्ती सम्राट ग्रेशियनने व्हेस्टलचा सरकारी खर्च आणि सवलती बंद केल्या आणि त्यांना मृत्युपत्राने मिळणाऱ्या जमिनी जप्त करण्याचा हुकूम काढला. दोन वर्षांनी रोमचा नगरप्रमुख सिमाकस याने दरबारात अर्ज केला. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला उत्तर दिले.

समर्थक : सिमाकसचा युक्तिवाद आजही पटण्याजोगा आहे. मुक्त गुलामालाही मृत्युपत्राने मिळालेले घेता येते, मग या कुमारिकांनाच ते का नाकारावे? त्यांनी नगराच्या कल्याणासाठी आपले आयुष्य वाहिले आहे. पुढच्या वर्षी पिके बुडाली आणि दुष्काळ पडला, तो त्यांचा हक्क हिरावल्यामुळे, असेही त्याचे म्हणणे होते.

आक्षेपक : अँब्रोजने नेमके मर्म पकडले. मानाची वस्त्रे, पालख्या, नोकरचाकर आणि सवलती देऊनही तुम्हाला कशाबशा सात मुली मिळतात; विकत घेतलेले आणि मुदतीचे ब्रह्मचर्य हे व्रतच नव्हे, असा त्याचा रोख होता. आमच्यात असंख्य स्त्रिया काही न घेता, आपल्या इच्छेने आणि जन्मभरासाठी व्रत घेतात, असे त्याने सुनावले.

समर्थक : पण त्या उत्तरात एक अडचण आहे. मुदत संपल्यावर बाहेर पडण्याची मुभा व्हेस्टलला होती. तिला दोष म्हणायचे आणि मरेपर्यंतच्या बंधनाला स्वातंत्र्य म्हणायचे, हे विसंगत आहे. पुढच्या शतकांत ख्रिस्ती मठांतही लहान मुली आईबापांनी आणून घातल्याच.

आक्षेपक : ते मान्य. अँब्रोजला मुलीच्या संमतीची काळजी होती, असे नाही. त्याला दुसऱ्या देवाची काळजी होती. तरीही संमतीचा प्रश्न त्याच्या तोंडून का होईना, पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला.

सिमाकसचा अर्ज फेटाळला गेला. इ.स. ३९१ आणि ३९२ मध्ये थिओडोसियसने जुन्या देवांची पूजा कायद्याने बंद केली आणि चौथे शतक संपता संपता व्हेस्टाचा अग्नी कायमचा विझला. १८८३ मध्ये फोरममध्ये व्हेस्टलांचे घर उत्खननात सापडले. त्यातल्या अंगणात मुख्य व्हेस्टलांच्या पुतळ्यांचे चौथरे मिळाले. इ.स. ३६४ च्या एका चौथऱ्यावर पावित्र्याबद्दल आणि धर्मज्ञानाबद्दल स्तुती कोरली आहे, पण तिचे नाव मात्र पहिले अक्षर सोडून खोडले आहे. ती ख्रिस्ती झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

दोन्ही मतांचा मेळ

समर्थक आणि आक्षेपक यांचे पुरावे बहुतेक एकच आहेत, आणि त्यांतून एकच रचना दिसते. मुलीला कुटुंबातून काढून नगराच्या स्वाधीन करणे हा दीक्षेचा गाभा होता. तिच्यावर बापाची सत्ता राहिली नाही, म्हणून तिला मालमत्ता, साक्ष आणि मृत्युपत्राचा हक्क मिळाला. तिचे कोणी सोयरे नाहीत आणि कोणाशी हितसंबंध नाहीत, म्हणून गुपिते आणि मृत्युपत्रे तिच्याकडे आली. नगराची शुद्धता तिच्या ठायी मानली गेली, म्हणून नगराच्या पराभवाचा दोषही तिच्यावर आला. यांतला मान ठेवून शिक्षा काढता आली नसती, कारण दोन्ही एकाच कारणाने तिच्या वाट्याला येत.

मतभेद उरतो तो संमतीचा. समर्थकाच्या दृष्टीने, ज्या समाजात कोणत्याच मुलीला निवड नव्हती, तिथे व्हेस्टलच्या वाट्याला आलेले आयुष्य त्यातल्या त्यात अधिक अधिकाराचे होते आणि तिची कर्मनिष्ठा ही खरी भक्तीच होती. आक्षेपकाच्या दृष्टीने, अधिकार कितीही मोठा असला, तरी सहाव्या वर्षी घातलेले आणि मृत्युदंडाच्या धाकाने टिकवलेले व्रत हे घेतलेले नव्हे, लादलेलेच ठरते. पहिले मत व्हेस्टलची तुलना तिच्या काळातल्या स्त्रियांशी करते, दुसरे तिने स्वतः निवडले असते अशा आयुष्याशी. कोणत्याही धर्मातील बालदीक्षेचा विचार करताना या दोन्ही तुलना कराव्या लागतात. पहिलीने त्या आयुष्याचे मोल समजते आणि दुसरीने त्याची किंमत कोणी मोजली ते कळते.